पन्हळ कोणती निवडावी? माळवदापासून पत्र्यापर्यंत, परभणीच्या छपरांचा इतिहास

१/
मृग नक्षत्र जवळ आले की परभणीच्या हार्डवेअर दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: घराला पन्हळ कोणती बसवावी? पीव्हीसीची अर्धगोल, की पत्र्याची चौकोनी? रुंद, की अरुंद? प्रश्न बाजारातला वाटतो. पण तो किमान दोन हजार वर्षे जुना आहे. त्याच्या उत्तरावर भिंती टिकल्या, शेजाऱ्यांची भांडणे झाली आणि मराठवाड्यात एका पहाटे हजारो जीवांचा प्रश्नही त्यात गुंतला. आजचा धागा या विषयावर.

२/
आधी शब्द पाहू. संस्कृतात 'प्रणाल' म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी. हिंदीत त्याचा 'परनाला' झाला, मराठीत 'पन्हळ'. पन्हाळगडाला शिलाहारांच्या लेखांत 'प्रणालक' दुर्ग म्हटले आहे, आणि १६७३ मध्ये मराठ्यांनी तो गड घेतल्यावर जयराम पिंड्ये यांनी जे संस्कृत काव्य रचले त्याचे नाव 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'. 'पन्नगालय' ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. पण जुने लेख पाहता गडाचे नाव आपल्या पन्हळीच्याच घराण्यातले दिसते.

३/
छपराच्या पाण्यासाठी मराठीत शब्दांचे एक कुटुंबच आहे. छपराचा माथा म्हणजे आढे, दोन्ही उतरती अंगे म्हणजे पाखी, भिंतीबाहेर आलेली कड म्हणजे वळचण आणि तिथून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. एखादी गोष्ट उलटीच घडू लागली की आपण म्हणतो, 'वळचणीचे पाणी आढ्याला गेले.' पाणी कुठून कुठे जावे, याची समज भाषेत किती खोल रुजली आहे, हे या एका म्हणीवरून कळते.

४/
आता काळात मागे जाऊ. मोहेंजोदडोच्या विटांच्या घरांत वरच्या मजल्याचे पाणी खाली आणण्यासाठी भाजलेल्या मातीच्या उभ्या नळ्या सापडल्या आहेत. म्हणजे आज ज्याला आपण 'डाऊन पाईप' म्हणतो, ती कल्पना चार हजार वर्षांहून जुनी आहे. कच्ची किंवा पक्की, वीट आली की पाण्यापासून भिंत वाचवणे ओघाने आलेच.

५/
पुढे कौटिलीय अर्थशास्त्र. तिसऱ्या अधिकरणात घर, कुंपण आणि शेजार यांविषयीचे नियम आहेत. घरातून बाहेर पडणारा पाण्याचा मार्ग किंवा वरून कोसळणारी धार शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठरावीक अंतरावर असली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. नियम मोडणाऱ्यास ५४ पण दंड. ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण एक गोष्ट निश्चित: पन्हळीचे तोंड कुणाच्या अंगणात वळवायचे, हा त्या काळीही राज्यव्यवस्थेने दखल घ्यावी असा विषय होता.

६/
महाराष्ट्रातील लेण्यांनी याच पाण्याकडे दुसऱ्या नजरेने पाहिले. कान्हेरीला कातळात उथळ पन्हळी खोदून डोंगरावरचे पाणी टाक्यांत वळवले आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात, आणि श्रद्धावान लोक पोढीचे दान करीत. घरमालकाला पाणी दूर लोटायचे होते, भिक्षूंना ते साठवायचे होते. पन्हळ एकच, हेतू दोन. हा फरक लक्षात ठेवा, धाग्याच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

७/
परभणी जिल्ह्यात यायचे तर चारठाणा (ता. जिंतूर) आणि धारासूर (ता. गंगाखेड) येथील यादवकालीन मंदिरांपासून सुरुवात करावी. अशा शैलीच्या मंदिरांत गर्भगृहाच्या बाहेरच्या भिंतीवर, बहुधा उत्तरेकडे, मकराच्या किंवा गायीच्या मुखाचा प्रणाल असतो. तो पावसाचा नव्हे, अभिषेकाच्या पाण्याचा. शिवमंदिरात प्रदक्षिणा घालताना भाविक हीच रेषा ओलांडत नाहीत.

८/
मग पावसाचे काय? त्यासाठी शिल्पींनी छज्जा वापरला. खांबांच्या वर बाहेर झुकलेली दगडी कड नीट पाहा. तिचे टोक खाली वळवलेले असते. पाणी त्या टोकाशी येऊन सुटते, उलट फिरून भिंतीकडे जात नाही. आज सिमेंटच्या सज्जाखाली गवंडी जी बारीक खाच ठेवतो, तिचे कामही हेच. म्हणजे पन्हळ नसली तरी पन्हळीचा विचार तिथे होता.

९/
युरोपातही कथा वेगळी नाही. गॉथिक चर्चवरची भयानक तोंडे, ज्यांना 'गार्गॉइल' म्हणतात, ती मुळात पाणी दूर फेकणाऱ्या दगडी पन्हळी; शब्दाचा संबंध 'घसा' या अर्थाशी आहे. १२४० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने लंडनच्या व्हाइट टॉवरला शिशाच्या उभ्या नळ्या बसवण्याची आज्ञा केली, कारण नव्याने पांढऱ्या केलेल्या भिंती ओघळांनी खराब होऊ नयेत. १७२४ च्या कायद्याने लंडनमधील नव्या इमारतींना अशा नळ्या सक्तीच्या झाल्या. कारण पुन्हा तेच: भिंत आणि शेजार.

१०/
आता मुख्य विषय. कोकणात २,५०० ते ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तिथे उतरती कौलारू छपरे. परभणीत वर्षाकाठी साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर, तोही थोड्या दिवसांत. उरलेले महिने कडक ऊन. अशा प्रदेशाने सपाट मातीचे छप्पर निवडले. त्यालाच आपण माळवद किंवा धाबे म्हणतो. उन्हाळ्यात आत गारवा, वर धान्य वाळवायला आणि रात्री निजायला हक्काची जागा.

११/
माळवदाची रचना अशी: लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवे सरे, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर, त्यावर वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला आणि सर्वांत वर दाबून बसवलेली माती. दोन खांबांमधल्या अंतराला 'खण' म्हणत, आणि घर किती मोठे हे खणांवर मोजत. उजेडासाठी छतात लहान झरोका, म्हणजे साणे. पाऊस आला की त्यावर झाकण.

१२/
माती मात्र कोणतीही चालत नसे. परभणीची प्रसिद्ध काळी माती कापसाला उत्तम, पण छताला घातक. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. म्हणून छतासाठी पांढरी माती. मराठी गावाचे दोन भाग जुन्या कागदपत्रांत सतत भेटतात: काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राखेने, चुन्याने, पडक्या भिंतींच्या मातीने ही जमीन पांढुरकी होते. ती कमी फुगते आणि दाबली की घट्ट बसते.

१३/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थोडे थांबावे लागते. पांढरी म्हणजे जुनी वस्ती, आणि जुनी वस्ती म्हणजे पुरातत्त्वीय स्थळ! मराठवाड्यातील अनेक प्राचीन टेकाडे गावकऱ्यांनी मातीसाठी खणली. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे अशा मातीतून निघालेल्या सातवाहनकालीन वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या आणि त्यांतून आजचे संग्रहालय उभे राहिले. सर्वच गावांना लामतुरे मिळाले नाहीत. कितीतरी खापरे टोपलीतून थेट माळवदावर गेली असतील.

१४/
माळवद सपाट दिसते, पण पूर्ण सपाट नसते. त्याला एका बाजूला हलका उतार असतो आणि त्या बाजूच्या कठड्यात पन्हळ. कुठे कोरलेल्या लाकडाची, कुठे कुंभाराने भाजलेली, वाड्यांना दगडाची आणि पुढे रॉकेलच्या डब्याचा पत्रा वाकवून केलेली. तिच्या निवडीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट पदार्थ नव्हे, लांबी. भिंत मातीची, पन्हळ हात-दीड हात बाहेर आली नाही तर धार भिंतीवरच उतरते आणि पायथा पोखरते. म्हणून धार पडते तिथे खाली एक सपाट दगडही ठेवत.

१५/
लांब पन्हळ म्हटली की शेजाऱ्याची हद्द आली. धार आपल्या भिंतीपासून दूर, म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्याच्या अंगणात. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने अशा वहिवाटींना चौकट दिली. २० वर्षे उघडपणे आणि अखंड उपभोगलेला हक्क मान्य होऊ लागला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, तो कायदा तिथला नव्हे. पण भांडणाचा नमुना एकच. कौटिल्याच्या ५४ पणांपासून तालुक्याच्या कोर्टापर्यंत पन्हळीचे तोंड वादातच राहिले.

१६/
आता माळवदाचा कमकुवत दुवा पाहू. पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली, उंदरांनी बिळे केली किंवा गवत उगवले की पाणी साचते आणि छत गळू लागते. उपाय सोपा: उन्हाळ्याच्या अखेरीस वर आणखी माती टाकायची आणि दाबायची. पुढच्या वर्षी पुन्हा. जुनी माती काढणे कष्टाचे, नवी टाकणे सोपे. अशा रीतीने काही घरांवर थर ३० पासून ८० सेंटीमीटरपर्यंत वाढला. हिशेब करा: ६० सेंटीमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला जवळजवळ एक टन होते.

१७/
३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटे बाकी. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात सुमारे ६.२ क्षमतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे कोसळली. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या आसपास, काही अंदाजांत त्याहून बराच मोठा. जगात यापेक्षा शक्तिशाली भूकंप अनेक झाले. इतक्या क्षमतेच्या धक्क्याने एवढे जीव जाणे ही मात्र घरांची कहाणी होती.

१८/
अभ्यासकांनी ढिगारे तपासले तेव्हा दिसले ते असे. मुख्य दोष मातीत रचलेल्या, आडवे बंध नसलेल्या जाडजूड दगडी भिंतींचा होता. छत जिथे थेट भिंतीवर टेकले होते, तिथे भिंत फाकताच टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. जिथे तुळया स्वतंत्र लाकडी खांबांवर होत्या, तिथे अनेकदा भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुनी 'खणा'ची पद्धत मुळात शहाणी होती. तिच्यावर वर्षानुवर्षे चढत गेलेले ओझे मात्र शहाणे नव्हते.

१९/
हा निष्कर्ष नीट समजून घ्यायला हवा. पन्हळ तुंबली म्हणून माणसे मेली, असे म्हणणे खोटे ठरेल. पण गळतीचे उत्तर पाण्याला वाट देण्यात न शोधता माती वाढवण्यात शोधले गेले, आणि त्याची किंमत दर उन्हाळ्यात थोडी थोडी साचत गेली. भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी दिलेल्या सल्ल्यांत म्हणूनच माळवदावरची जादा माती कमी करण्याची सूचना होती. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवली गेली.

२०/
माळवदाची जागा घेणारा पत्रा तसा जुना. नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामरने १८२९ मध्ये घेतले, आणि जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत फ्रान्सच्या सोरेलने १८३७ मध्ये. इकडे १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद–मनमाड मीटरगेज रेल्वे परभणीतून धावू लागली आणि असा जड माल मराठवाड्यात आणणे सोपे झाले. खेड्यांत मात्र माळवद पुढेही कित्येक दशके टिकले.

२१/
किल्लारीनंतर लोकांच्या मनात मातीच्या छताची भीती बसली. पत्रा हलका, पटकन होणारा. पण तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवण्याची सवय आली. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ क्षमतेचा धक्का बसला, तो परभणी आणि नांदेडमध्येही जाणवला. तेव्हा प्रशासनाला आवाहन करावे लागले की पत्र्यांवरचे दगड काढून घ्या. छप्पर बदलले, डोक्यावरचे ओझे पुन्हा वर चढले. पत्रा खिळे-बोल्टांनी सांगाड्याला जखडावा, दगडांनी दाबू नये.

२२/
पत्र्याने आणखी एक गोष्ट बदलली. मातीचे छत थोडे पाणी पिते, पत्रा काहीच पीत नाही. सर्व पाणी एकदम कडेला येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरच्या छपरावर ८५० मिलिमीटर पावसात ५१,००० लिटर येते. गळती-उडती वजा जाता ४०,००० हाती लागू शकते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या मराठवाड्यात हे पाणी आपण गटारात सोडतो.

२३/
कान्हेरीची पोढी आठवा. पाच माणसांच्या घराला पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी ५ लिटर धरले तर रोज २५ लिटर लागतात. ५,००० लिटरची टाकी एकदा भरली की २०० दिवस पुरते, म्हणजे टंचाईचे सारे महिने. सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी अलीकडे गाळ काढून पुन्हा जिवंत केली, त्याचे कौतुक आपण सर्वांनी केले. स्वतःच्या छपराचे पाणी जपणे ही त्याच वारशाची घरगुती बाजू आहे.

२४/
तर मग पन्हळ कोणती? इतिहास चार प्रश्न विचारायला शिकवतो.
पहिला, पाऊस किती जोरात येतो? वर्षाचा आकडा पाहू नका, तासाचा पाहा. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत १०० मिलिमीटर व्यासाची एक उभी नळी साधारण ४० चौरस मीटर छपराचेच पाणी पेलते. ६० चौरस मीटरला एक नव्हे, दोन नळ्या हव्यात.
दुसरा, भिंत कशाची? माती किंवा दगड-मातीची असेल तर धार उघडी न सोडता नळीने पायथ्यापासून दूर न्यावी.

२५/
तिसरा, पाणी जाणार कुठे? साठवायचे असेल तर पन्हळ अखंड, तिच्या तोंडाशी जाळी, आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी वेगळे सोडण्याची सोय असावी. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचे पाणी पिण्यासाठी घेऊ नये.
चौथा, साफ कोण करणार? अर्धगोल पन्हळीत कचरा कमी अडकतो आणि हात सहज फिरतो. चौकोनी पन्हळ त्याच रुंदीत जास्त पाणी घेते, पण कोपऱ्यांत गाळ धरते. कोणतीही घ्या, दर १० फुटांना अर्धा ते पाऊण इंच उतार द्या आणि मृगाच्या आधी एकदा शिडी लावा.

२६/
पीव्हीसी की पत्रा, हा यानंतरचा प्रश्न. पीव्हीसी गंजत नाही, पण परभणीच्या उन्हात हलक्या दर्जाची लवकर ठिसूळ होते. जस्ताचा पत्रा उन्हाला दाद देत नाही, पण मुलामा उडाला की गंजतो. दोन्हींचे आधार जवळ जवळ हवेत, कारण पाण्याने भरलेली पन्हळ रिकामीपेक्षा कितीतरी जड असते. ओझ्याचा हिशेब विसरण्याची चूक या मातीने एकदा केली आहे.

२७/
आपल्या गावात अजून एखादे माळवद उभे असेल तर या पावसाळ्याआधी त्याची पन्हळ, साणे आणि मातीची जाडी पाहून या. छायाचित्र काढा, मोजमाप लिहून ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांना माती कुठून आणत ते विचारा. मातीचा थर हातभर झाला असेल आणि खाली कुणी निजत असेल, तर छायाचित्राच्या आधी ती माती उतरवण्याचा विषय काढा. वास्तू जपायची, पण आत माणसे आहेत हे आधी.

२८/
धागा इथे संपतो. तुमच्याकडे पन्हळीला कोणता शब्द आहे? पन्हाळे, पन्हळी, परनाळ, की आणखी काही? तालुक्याच्या नावासह खाली लिहा. शब्दांचा नकाशा झाला तर पुढचा धागा त्यावरच करू.